सफेदा

अर्पिताने ओढणीचं टोक जिभेने ओलं केलं आणि गालावरून खसाखसा फिरवलं. झालं ते एवढंच. शनिवारची दुपार होती, आदिलाबादच्या बसस्थानकासमोरचा रस्ता तापून मऊ झाला होता, आणि नार्नूरच्या गाडीतून उतरलेली माझी नात पिशवी सावरत माझ्याकडे येत होती. पानठेल्यावरचा बंडू, जो लहानपणी मी शिकवायची त्या वर्गात बसून पाढे म्हणायचा, पानाला कात लावता लावता म्हणाला, "काय व अर्पिताताई, चुन्याच्या मडक्यात पडल्या का काय?" बंडूच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याची स्वतःची बोटं चुन्याने पांढरी होती, आणि ती हवेत नाचवूनच तो बोलला. ठेल्याशी उभे असलेले दोघे-तिघे हसले. अर्पिताही हसली. मग तिने ओढणी ओली केली. पुसताना तिने मान वळवली नाही की डोळे मिटले नाहीत. बंडूकडे सरळ बघत राहिली, जणू आपण पुसलं हे त्याने नीट पाहावं. पांढऱ्या लेपातून तिच्या काळ्यासावळ्या गालाचा एक पट्टा उघडा पडला, आणि त्या पट्ट्यावर ऊन लगेच येऊन बसलं. मला आधी काय वाटलं असेल तर बरं वाटलं. पुसलं बाई एकदाचं. मग ऑटोत बसल्यावर काहीतरी आठवू आठवू लागलं, आणि ते घरी पोचेपर्यंत, हातपाय धुतल्यावर, चहा प्यायल्यावरही थांबलं नाही. असं तोंड पुसताना मी कुणाला तरी पाहिलं होतं. पुसणारा हात दुसऱ्याचा होता, पण न मिटलेले डोळे हेच होते.

"काऊन पुसलं व?" मी ऑटोत विचारलं. "खाजत होतं आजी." "खाजत होतं?" "हो न." ती उन्हाच्या बाजूला बसली होती. मी तिला इकडे सरकायला लावलं आणि स्वतः त्या बाजूला झाले. बाजूने येणारं ऊन माझ्या खांद्यावर पडलं, आणि मला वाटलं, आपण भिंत झालो तर किती सोपं होईल. मागच्या वर्षी कापूस फुटायच्या दिवसांत तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टा उठला, पंख पसरल्यासारखा. रूपा, माझी सून, म्हणाली, उष्णतेचं असेल, सब्जा घे. सांधे दुखू लागले तेव्हा नागेश, माझा मुलगा, तिला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ल्यूपस असं नाव सांगितलं. अंग स्वतःच्याच अंगाला परकं समजून त्याच्यावर उठतं, आणि त्याला चेतवतं ते ऊन. चट्टा दिसतो, पण खरी भीती मूत्रपिंडाची. तिथे काय चाललंय ते आरशात दिसत नाही. गेल्या खेपेला लघवीत प्रथिनं थोडी वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्याने पुन्हा बघू. वाढ थांबली तर ठीक, नाहीतर कडक औषधं सुरू करावी लागतील आणि हे गावोगाव फिरायचं काम सोडावं लागेल. अर्पिता नार्नूरकडच्या एका खेड्याची पंचायत सचिव आहे. सकाळी नाल्या बघायच्या, रोपवाटिका बघायची, घरोघर जायचं. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहते, शनिवारी आदिलाबादजवळच्या मावल्याला घरी येते. ती नोकरी तिने परीक्षा देऊन मिळवली. आमच्या घरात दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसं होती, मग मी मास्तरीण झाले, नागेश कारकून झाला, आणि आता लोक आपला अर्ज घेऊन अर्पिताच्या टेबलासमोर उभे राहतात. हे उन्हामुळे जाणार का राहणार, एवढीच गोष्ट होती. आणि त्या दोहोंच्या मध्ये होता तो पांढरा लेप.

सुरुवातीला साधी क्रीम आणून पाहिली होती, बाजारात मिळते तशी, लावली की मुरून जाणारी. त्या क्रीमने तिचे डोळे चुरचुरले, चट्टा आणखी पेटला. मग डॉक्टरीणबाईंनी जस्ताची लिहून दिली. ती मुरत नाही, वर बसून राहते, आणि गोऱ्या माणसाच्या तोंडावर खपून जाते, आमच्या तोंडावर नाही. अर्पिता रसायनशास्त्र शिकलेली. लसूण सोलता सोलता एकदा तिने मला समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, म्हणजे आरशासारखं ऊन परत फेकत असंल. "नाई आजी, सगळ्यांना तसंच वाटते. थोडंसं फेकते. बाकीचं ते सोताच गिळून घेते. जस्ताचे बारीक बारीक कण असतात, ते ऊन गिळतात, थोडे गरम होतात, बस." मी लसणाची पाकळी हातात धरून बसले होते. गिळून घेते, हे मला परत फेकण्यापेक्षा जास्त खरं वाटलं, का ते कळलं नाही. कण फार बारीक दळले तर लेप कमी पांढरा दिसतो म्हणे, कातडीच्या रंगाचे लेपही मिळतात, त्यातला एक तिने मागवूनही पाहिला होता. डबीवर सगळ्यांना शोभेल असं लिहिलेलं; तिच्या तोंडावर तो संत्र्याच्या सालीसारखा दिसला. तिने तो आईला पायाला लावायला देऊन टाकला. "लोकायला वाटते, मी गोरी व्हायला लावून राह्यली," ती त्या दिवशी म्हणाली होती. "मी आहे तशीच राहाले लावतो न आजी."

शनिवारी संध्याकाळी जेवणाआधीच रूपाने विषय काढला. "बसस्थानकावर काय झालं म्हणे?" आमच्या गल्लीला बातमी लागायला ऑटोपेक्षा कमी वेळ लागतो. अर्पिता म्हणाली, काई नाई. रूपा भाकरी थापत होती. तिचा राग नेहमी पिठावर निघतो. "मी म्हणतो, तोंडाले स्कार्प बांधला तर होत नाई का? परवाच्या दिवशी शेजारच्या विमलबाई विचारत होत्या, पोरीले कोड-बिड हाय का म्हून. पुढंमागं पोरगी पाहाले पाहुणे यायचे हायेत की नाई?" "कापडातून ऊन येते, आई." "येऊ दे थोडंसं. आमी नाई का उन्हात वाढलो?" नागेश वर्तमानपत्राआडून म्हणाला, "राजीनामा दे अन् मोकळी हो. इथं टायपिंग शिकव." अर्पिता येऊन जेवायला बसली. तिने ताट ओढलं, आणि भाकरीचा तुकडा मोडताना हळूच, कुणाला ऐकू जावं असंही नाही, म्हणाली, "आता नाई लावत मी. बस झालं." ती हे हसत म्हणाली असती तर मी जेवले असते. तिचा आवाज अगदी सपाट होता, ओली माती पायाखाली दबल्यावर होतो तसा. मी वरण ओतून घेतलं आणि ते ताटात पसरत गेलं, मीठ, लोणचं, सगळ्याला कवेत घेत, आणि मला तिला म्हणता आलं नाही की लाव. कारण लाव म्हणायचं तर आधी माझ्या मनातलं ते बरं वाटणं गिळायला हवं होतं. माझ्याही मनात तो पांढरा रंग तिच्या तोंडावर नकोच होता. तो दिसला की मला रॉकेलचा वास येतो.

आमचं गाव भैंसाकडचं. धोंडीबा माझा बाप. तो चंपतरावांच्या शेतात सालदार होता, आणि धम्म घेतल्यानंतरच्या वर्षांत गावोगाव हिंडणाऱ्या एका जलशात न्यायाधीश होता. दिवसा सालदार, कधी एखाद्या रात्री न्यायाधीश. अक्षर ओळखत नव्हता, पण आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेली म्हातारी दचकून सरळ बसावी. खेळ साधा होता. मजूर आणि पाटील भांडतात, दोघे आपापली बाजू मांडतात, विनोद होतात, पाटलाची फजिती होते. शेवटी न्यायाधीश उठतो. लोक श्वास रोखून बसतात की आता काय निकाल देतो. आणि माझा बाप, निजामाच्या कचेरीत कधीकाळी उभं राहून ऐकलेल्या उर्दूत म्हणतो, "फैसला महफूज!" म्हणजे निकाल राखून ठेवला आहे. मग मंडळाचे शाहीर पुढे होऊन विचारायचे, का बरं राखून ठेवला? तर निकाल हे समोर बसलेले लोक देणार म्हणून. आणि गाणं सुरू. गॅसबत्तीच्या उजेडात काळा चेहरा मागच्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाला सफेदा लावायचे. रंगाच्या दुकानातला, दारं-खिडक्या रंगवणारे वापरतात तो जस्ताचा सफेदा. खोबरेल तेलात खलायचा. बाप करवंटीत बोटाने खलायचा आणि त्याला ते कधीच नीट जमलं नाही. गुठळ्या राहायच्या. पाटील होणाऱ्या गड्यासाठी त्यात गेरू आणि तव्याखालची काजळी मिसळायचे, म्हणजे जरा माणसाचा रंग यायचा. मी जवळ बसून बघायची. पांढऱ्यात लाल पडलं की आधी नुसते दोरे दिसायचे, मग एकदम सगळं गुलाबी व्हायचं, आणि काजळी पडली की कुणाच्या तरी ओळखीच्या गालाचा रंग.

एकदा भैंसाला खेळ झाला आणि मंडळी पायी परतली ती उजाडता उजाडता. वेचणीचे दिवस होते. घरी जाऊन तोंड धुवायला सवड नव्हती, आणि तेलातला सफेदा पाण्याने जातही नाही. बाप तसाच पांढऱ्या तोंडाने शेतात उतरला. बाया ओटीत कापूस वेचत होत्या, माझी माय सखूबाई त्यांच्यात होती, मी तिच्या मागे ओळीत. बापाला बघून आधी सगळ्यांचे हात थांबले. मग ओळीतली चंपाबाई फसकन हसली आणि सगळी ओळ हसायला लागली. तो वेचत राहिला, खाली मान घालून, कापसात कापसाएवढंच पांढरं तोंड. दिवस वर आला. सगळ्यांची तोंडं घामाने काळवंडली होती, त्याचं एकट्याचं कोरडं, थंड दिसत होतं. माझ्या लहानपणच्या डोळ्यांना तो त्या उन्हात नव्हताच. कुठल्या तरी सावलीत बसून वेचत होता. चंपतराव छत्री घेऊन बांधावर आले. ते बराच वेळ बघत राहिले. "धोंड्या, काऊन बे, कातडी बदलून आला का?" बाप सरळ झाला. त्याने कापसाच्या गाठोड्यावर हात ठेवला, जसा खेळात टेबलावर ठेवायचा, आणि मांडवातल्या त्या आवाजात म्हणाला, "फैसला महफूज!" बाया मोठ्याने हसल्या. मी पण. चंपतरावही हसले, अगदी थोडं, आणि त्यांचं हसू संपलं तरी बायांचं चालूच होतं. तिथेच काहीतरी बिघडलं. ते माझ्या मायला म्हणाले, फार शांत आवाजात, "सखू, पूस त्याचं तोंड. माणूस वळखू आला पायजे." शेतातल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, कंदील होता, त्याच्या शेजारी रॉकेलची बाटली. मायने ओटीतला ताजा कापूस घेतला. बाटली मी धरली होती. पहिला बोळा गालावरून फिरला तेव्हा पांढऱ्याखालून बापाचा खरा काळा गाल वर आला, ओला, चकाकणारा. माय भराभर पुसत होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बापाने डोळे मिटले नाहीत. रॉकेल डोळ्यांत जात होतं, पाणी येत होतं, तरी तो तिच्या खांद्यावरून बांधाकडे बघत राहिला. मग तो दिवसभर त्या उघड्या, रॉकेल लागलेल्या तोंडाने उन्हात वेचत होता. संध्याकाळी गालाला फोड आले. फोड बसले, पण उजव्या गालावर एक फिक्कट डाग राहिला, पिठाचं बोट लागल्यासारखा, मरेपर्यंत.

जलसा त्याने सोडला नाही. सफेदा सोडला. पुढे तो काळ्या तोंडानेच न्यायाधीश व्हायचा, आणि मागे बसलेल्यांना अंधारातून नुसता आवाज ऐकू यायचा. मायने मात्र त्यानंतर घरात पांढरं काही तोंडाला लागू दिलं नाही. पावडर नाही, लग्नात लावतात ती तांदळाची पिठीसुद्धा नाही. "वळखू आलं पायजे," ती चंपतरावांचंच वाक्य म्हणायची, आपलं असल्यासारखं. मी शिकले, नोकरीला लागले, माझ्याबरोबरच्या बाया टाल्कम लावून, फूल माळून शाळेत यायच्या, त्यांच्यातही मी तेलकट, स्वच्छ धुतलेलं तोंड घेऊन फळ्यासमोर उभी राहिले. लोक त्याला साधेपणा म्हणत. मी पण म्हणायची. फळ्यावरचा खडू गालाला लागला की मी वर्गातून बाहेर जाऊन हौदावर धुऊन यायची. पोरांना वाटायचं, बाई फार टापटिपीच्या. इतकी वर्षं ते वाक्य माझ्या अंगात राहिलं आणि मला ते सवयीसारखं वाटत आलं, उजव्या कुशीवर झोपायची सवय असते तसं. शनिवारी बंडू बोलला तेव्हा पुसलं बाई एकदाचं असं माझ्यात जे म्हणालं, त्याच्या हातात चंपतरावांची छत्री होती.

हे सगळं मला रविवारी सकाळी, कुंड्यांना पाणी घालताना, असं नीट सुचलं नाही. तेव्हा फक्त अस्वस्थ वाटत होतं, घरात कुठे गॅस उघडा राहिलाय असं वाटतं तसं. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले. कुंड्या रंगवायला आणलेला गेरूचा खडा खिडकीत पडलेला होता, आणि त्याच्याकडे बघता बघता मला एकदम सोपं वाटलं. पांढरा नको ना? नसू दे पांढरा. अर्पिता न्हाऊन केस वाळवत गच्चीच्या सावलीत बसली होती, रूपा मंगल कार्यालयात कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली होती. नागेशने नागपूरहून क्रीमच्या दोन नळ्या आणलेल्या, त्यातली नवी मी घेतली. अर्धी वाटीत पिळली. गेरू सहाणेवर उगाळला, मलमलीतून गाळला, सुकवला. तव्याखालची काजळी आता गॅसमुळे मिळत नाही, म्हणून समईची घेतली. आणि बोटाने खलायला लागले. हात थांबेना. पांढऱ्यात लाल दोरे, मग गुलाबी, मग काजळी, आणि मग वाटीत हळूहळू ओळखीचा गाल वर यायला लागला. आधी माझ्या मायचा. थोडी काजळी जास्त झाली आणि बापाचा. मग मी क्रीम आणखी घातली आणि अर्पिताचा. मला आठवत नाही मी शेवटची इतकी खूश कधी होते. कामात बुडालेल्या माणसाला भीती वाटत नाही, तसं त्या तासात मला काही वाटलं नाही. एका जुन्या डबीत तो लेप भरला, कडा पुसल्या, आणि झाकण लावलं.

ऊन कलल्यावर मी डबी तिला दिली. तिने झाकण काढलं, वास घेतला, मनगटावर बोटाने ओढलं. लेप दिसेनासा झाला. तिने हात उजेडात धरला, फिरवला. "आजी, हे तं माझाच रंग हाय!" तिचा चेहरा असा उजळला की मी दाराची चौकट धरली. "कुठून आणलं?" मी सांगितलं. सांगता सांगता तिच्या चेहऱ्यावरचं ते उजळणं थांबलं. ती उठली, जुनी नळी घेऊन आली, आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर एका बोटाने पांढऱ्या क्रीमचा पट्टा ओढला, शेजारी माझ्या लेपाचा. बाहेर सूर्य खाली आला होता, समोरच्या घराच्या टाकीवर टेकलेला. पांढरा पट्टा दुधासारखा सलग दिसत होता. माझ्या पट्ट्यात कण एकमेकांना चिकटून गोळा झाले होते, आणि गोळ्यांच्या मधून उजेड आरपार येत होता, चाळणीतून येतो तसा. "हे बघ," ती म्हणाली, आणि तिने आवाज फार मऊ ठेवला, जे मला जास्त लागलं. "ते कण सगळीकडे सारखे पसरलेले राहावे म्हणून कंपनीवाले लई खटपट करतात. वरून काही टाकलं, की ते गोळा होतात. मग मधात मधात जागा उघडी पडते. दिसाले झाकलं दिसते, पण ऊन थेट आत जाते. जे आपल्याले दिसत नाई ते ऊन तं आणखीच." मी काचेजवळ गेले. त्या बारीक बारीक छिद्रांतून माझ्या साडीवर ऊन पडलं होतं. मी ते झटकायला हात फिरवला. "आजी, रडू नोको व माय," ती म्हणाली. मी रडत नव्हते. मी त्या पट्ट्यात बघत होते की रंग किती बरोबर जमलाय, आणि बरोबर जमलाय म्हणूनच ती किती सहज उघडी पडली असती, नार्नूरच्या रस्त्यावर, कुणाला न दिसता, तिला स्वतःलाही न कळता. "काऊन केलं पण असं?" तिने विचारलं. "तुले कोणी हसू नये म्हून." ती काचेवरचे दोन्ही पट्टे फडक्याने पुसू लागली. "हसू दे न," ती म्हणाली, पण तसं तिला वाटत नव्हतं, आणि तिने ती नळी पिशवीत ठेवली नाही. खिडकीतच ठेवून दिली.

सोमवारी सकाळी ती स्कार्फ बांधून तयार झाली. स्कार्फ पातळ होता, निळ्या फुलांचा; त्याच्याखाली तिचं धुतलेलं तोंड उघडं. रूपाने डबा दिला, समाधानाने, आणि म्हणाली, "बघ, किती छान दिसते." नागेश गाडी पुसत होता. मी आरशासमोर गेले. खिडकीतली नळी हातात होती. अर्पिता लावायची तसं दोन बोटांवर दोन रेघा काढल्या आणि कपाळापासून सुरुवात केली. लेप थंड होता आणि जरा ओढत होता. सुरकुत्यांत आधी भरत होता, म्हणजे तोंडावर आधी पांढऱ्या रेषा उमटल्या आणि मग मधली कातडी झाकत गेली, आणि मग आरशात मी राहिले नाही. मला वाटलं होतं बाप दिसेल. तोही दिसला नाही. एक म्हातारी बाई दिसली, पांढऱ्या तोंडाची, जिला मी कधी भेटले नव्हते, आणि ती माझ्याकडे जरा रागाने बघत होती. हात पदराकडे गेला. मी तो पदर नुसता धरून ठेवला, तोंडाला नेला नाही. "आई, हे काय लावलं?" नागेश दारातून म्हणाला. "ऊन लागते मले," मी म्हटलं. "कधीपासून?" "लई दिवसापासून." रूपा कपाळाला हात लावून खाली बसली. "अर्धी गल्ली आता आपल्याच दारात येणार!" अर्पिताने डबा खाली ठेवला. ती जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, मी तिचं लहानपणी करायची तसं. "कानामागं राह्यलं," ती म्हणाली, आणि तिने लावलं. तिची बोटं माझ्या कानामागे थोडी जास्तच वेळ राहिली. मग तिने स्कार्फ सोडला आणि त्याच बोटांनी स्वतःच्या गालाला सुरुवात केली.

ऑटोतून उतरलो तेव्हा बसस्थानकावर गर्दी होती. बंडूने आम्हाला लांबूनच पाहिलं. त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. मी त्याच्याकडे बघितलं, डोळे मिटले नाहीत. "बाई..." तो म्हणाला, "तुमी बी?" ठेल्याशी दोघे होते, ते आमच्याकडे वळले. माझे कान तापले होते, लेपाखाली घाम फुटायला लागला होता आणि वाटत होतं, आत्ता पुसलं तर अजून काही बिघडलं नाही. ठेल्याच्या फळीवर मी हात ठेवला, ओल्या फडक्यावर, पानांच्या शेजारी. घशात काय येतंय ते मला माहीत नव्हतं. "फैसला महफूज!" आवाज माझा नव्हता इतका मोठा आला; रांगेतल्या एका म्हातारीने मान वर केली. बंडूला काही कळलं नाही. तो गोंधळून हसला, मग त्याने हसायचं थांबवलं, आणि म्हणाला, "पान देऊ का बाई?" अर्पिता मात्र हसत सुटली, पोट धरून, तिच्या पांढऱ्या तोंडात दात आणखी पांढरे, आणि हसता हसता तिने ओढणीने फक्त डोळे टिपले, अगदी कडेकडेने, गालाला न लावता. "हे काय होतं व?" "येशील तेव्हा सांगीन." नार्नूरची गाडी लागली. ती खिडकीजवळ बसली, सावलीच्या बाजूला, आणि गाडी वळून गेली तेव्हा काचेत एक पांढरा ठिपका बराच वेळ दिसत राहिला.

मग मी एकटी होते. हे मी घरून निघताना हिशेबात धरलं नव्हतं. तिच्याबरोबर दोन पांढरी तोंडं होती, आता हे एकच, आणि मावल्यापर्यंतचा सगळा रस्ता, सगळी दुकानं, माझे जुने विद्यार्थी, भाजीवाल्या, शाळेत निघालेली पोरं. लघवीचा निकाल महिन्याने यायचा होता. तो काय येईल ते या लेपाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. एक ऑटोवाला माझ्यासमोर येऊन थांबला, माझ्या तोंडाकडे बघून जरा चाचरला, म्हणाला, "आना क्या, अम्मा?" ऑटोत सावली होती, टपावरून खाली ओघळणारी, आणि आत बसलं की कुणाला काही दिसलं नसतं. पदर अजून माझ्या मुठीत होता, घामाने ओला. मी तो सोडला, कमरेला खोचला, आणि चालू लागले, रस्त्याच्या त्या बाजूने, जिथे ऊन होतं.